पाखरांनी सांगितलेली नावं

मिशिगन सरोवराच्या आसपास एप्रिलमध्ये हिरवळीवर हमखास दिसतो तो रॉबिन. विटकरी छातीचा, चार पावलं धावून थबकणारा, मान कलती करून गांडूळ हेरणारा. विलायतेतला मूळ रॉबिन चिमणीएवढा, निराळ्याच कुळातला. इंग्रज वसाहतवाले अटलांटिक ओलांडून आले, त्यांना तांबूस छाती दिसली आणि घरचं नाव या पाखराला चिकटलं. खरं तर हा आपल्या कस्तुराचा भाऊबंद. लिनियसनं १७६६ साली त्याला टर्डस या कस्तुरांच्या प्रजातीतच घातलं. आपल्याकडच्या दयाळाला आणि चिरकालाही इंग्रजांनी रॉबिनच करून टाकलं. परमुलखात गेलेल्या माणसाची ही ओढ समजण्यासारखी आहे. पण अशा नावातून पाखरू कळत नाही, नाव ठेवणाऱ्याचं गाव तेवढं कळतं.

शिकागोचं तसं नाही. मायामी-इलिनॉय लोकांच्या भाषेत 'शिकाक्वा' म्हणजे तिथल्या रानात उगवणारी रानलसूण. स्कंक या दुर्गंधी सोडणाऱ्या जनावरालाही तोच शब्द, म्हणून शहराचं नाव स्कंकवरून पडलं असंही सांगतात. मला मात्र आंरी झूतेलची साक्ष पटते. हा फ्रेंच प्रवासी १६८७-८८ मध्ये तिथून गेला आणि इथल्या रानात लसूण उदंड म्हणून हे नाव, असं त्यानं लिहून ठेवलं. ती लसूण म्हणजे आज 'रॅम्प' म्हणून विकली जाते तीच. मॅपलच्या रानात झाडांना पालवी फुटायच्या आत, ऊन थेट जमिनीवर पडत असताना, पाचोळ्यातून तिची दोन-तीन रुंद, गुळगुळीत पानं वर येतात. देठ बहुधा लालसर. पान चुरगळलं की बोटांना लसणीचा वास लागतो आणि तो लवकर जात नाही. वर सावली दाटली की पानं पिवळी पडून जिरतात, मग उन्हाळ्यात नुसत्या दांड्यावर फुलं येतात. बी पडल्यापासून फूल येईपर्यंत कित्येक वर्षं जातात, म्हणून कांदा उपटू नये, एखादं पान खुडावं. ज्या रोपानं एवढ्या शहराला नाव दिलं त्याची इतकी बूज राखायलाच हवी.

चिपमंक या पट्टेरी खारीचं नावही तिथल्याच मातीतलं. ओजिब्वे लोकांच्या भाषेत तो शब्द तांबड्या खारीचा होता: डोकं खाली करून झाडावरून उतरते ती. पाहणाऱ्याची नजर केवढी पक्की!

पण मला सगळ्यांत जवळची वाटतात ती पाखरांनी स्वतःच सांगितलेली नावं. 'किलडिअर'मध्ये इंग्रजी कानाला हरणाची शिकार ऐकू येते, पण त्या नावाचा शिकारीशी काडीचा संबंध नाही; तो त्या पाखराचा ओरडा आहे. गळ्यात दोन काळे पट्टे, पाय लांब, आणि घरटं म्हणजे पार्किंगच्या कडेच्या खडीतला नुसता खळगा. खड्यांच्याच रंगाची चार अंडी, टोकं आत वळलेली. आपण जवळ गेलो की ते पंख मोडल्यासारखं फरफटत, शेपटीवरचा नारिंगी रंग दाखवत आपल्याला दूर नेतं आणि पुरेसं लांब गेल्यावर भुर्रकन उडतं. हे आपल्या टिटवीच्याच कुळातलं. तीही उघड्या जमिनीवर अंडी घालते, तीही ओरडून गाव जागं करते आणि तिचंही नाव, संस्कृतातल्या टिट्टिभापासून, तिच्याच आवाजाचं. पंचतंत्रात समुद्रानं अंडी नेली ती याच टिट्टिभाची. हजारो मैलांच्या अंतरावर माणसांनी एकाच कुळापुढे कान टवकारले आणि ऐकलं ते नाव ठेवलं, याचं मला फार अप्रूप आहे.

आवाजावरून ठेवलेल्या नावातही वसंतात एक गफलत होते. 'चिक-अ-डी-डी' म्हणणारा चिकडी या दिवसांत दोन सुरांची स्वच्छ शीळ घालतो आणि ती 'फी-बी' अशी ऐकू येते. फीबी नावाचं पाखरू तर वेगळंच. तेही एप्रिलपर्यंत दक्षिणेकडून परतलेलं असतं आणि तेच दोन सूर घोगऱ्या, घाईच्या आवाजात म्हणतं. शंका आली तर शेपटी पाहावी: फांदीवर बसल्या बसल्या ती खालीवर हलवत राहतो तो फीबी.