सोलापूरचे पॉली उम्रीगर : पहिल्या द्विशतकाच्या पलीकडे

सोलापूर : भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या वार्षिक समारंभात वर्षातील सर्वोत्तम आंतरराष्ट्रीय खेळाडूला जो पुरस्कार दिला जातो, त्यावर ज्यांचे नाव कोरलेले आहे ते पॉली उम्रीगर जन्माने सोलापूरचे. पुरस्कार जाहीर होतो तेव्हा चर्चा विजेत्याची होते. उम्रीगरांचा उल्लेख झालाच, तर तो भारताच्या पहिल्या कसोटी द्विशतकापाशी थांबतो. वास्तविक त्यांच्या कारकिर्दीचा कस लागला तो द्विशतकाच्या आधीच्या आणि नंतरच्या वर्षांत.

पहलन रतनजी उम्रीगर यांचा जन्म २८ मार्च १९२६ रोजी झाला. जुन्या गिरणीपासून सुरू झालेल्या कापडधंद्याने त्या काळी सोलापूरला आकार दिला होता आणि उम्रीगरांच्या वडिलांचा व्यवसायही कपड्यांचाच होता. पुढे कुटुंब मुंबईस गेले. धर्मवार संघांमध्ये खेळल्या जाणाऱ्या मुंबईच्या पंचरंगी स्पर्धेत १९४४ साली पारशी संघाकडून त्यांनी प्रथम श्रेणीत पदार्पण केले, तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. १९४८ मध्ये वेस्ट इंडिजचा संघ भारतात आला असता संयुक्त विद्यापीठ संघाकडून त्यांनी पाहुण्यांविरुद्ध नाबाद ११५ धावा केल्या आणि त्याच डिसेंबरात मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर त्यांना कसोटीची टोपी मिळाली.

फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रास येथे भारताने इंग्लंडला नमवून कसोटीतील आपला पहिला विजय मिळविला. विनू मंकड यांच्या बारा बळींचा बोलबाला झाला, तो योग्यच होता. पण त्या एकमेव भारतीय डावात उम्रीगरांच्या नाबाद १३० धावा होत्या.

त्यानंतर चारच महिन्यांनी इंग्लंडच्या दौऱ्यात हाच फलंदाज पुरता कोसळला. चार कसोटींतील सात डावांत मिळून धावा अवघ्या ४३! फ्रेड ट्रूमन हा तरुण तेजगती गोलंदाज धावत येऊ लागला की उम्रीगर लेगच्या बाजूला सरकत, असे सांगितले जाई, आणि त्यावरून रचलेले विनोद इंग्लंडमध्ये पुढे कित्येक वर्षे फिरत राहिले. आश्चर्य असे, की त्याच दौऱ्यात कौंटी आणि विद्यापीठ संघांविरुद्ध त्यांनी तीन द्विशतके ठोकली आणि प्रथम श्रेणीच्या सामन्यांत १,६८८ धावा जमविल्या. इंग्लंडमधली खेळपट्टी वा हवामान त्यांना मानवत नव्हते, असे म्हणायला त्यामुळे जागाच उरत नाही. खरा अडथळा अस्सल वेगाचा होता. त्या काळी भारतात तसा गोलंदाज नव्हता. मग सराव करायचा तो कोणासमोर?

या नामुष्कीला उत्तर मिळायला फार काळ लागला नाही. १९५३ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यात पाच कसोटींत त्यांनी ५६० धावा केल्या. नोव्हेंबर १९५५ मध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध २२३ धावांची ती ऐतिहासिक खेळी झाली. हा विक्रम त्यांच्या एकट्याच्या नावावर महिनाभरही राहिला नाही. पुढच्याच कसोटीत मुंबईला मंकड यांनी बरोबर २२३ धावा केल्या आणि त्याच मालिकेत मद्रासला २३१ धावांपर्यंत मजल मारली. या दोन्ही सामन्यांत भारताचे कर्णधार उम्रीगर होते आणि दोन्ही सामने भारताने डावाने जिंकले. ट्रूमनच्या संघाचा हिशेब मात्र १९५९ पर्यंत राहिला. १९५२ मध्ये भारताचे दोन्ही डाव ज्या मँचेस्टरला शंभराच्या आत आटोपले होते, त्याच मैदानावर उम्रीगरांनी ११८ धावा केल्या.

आठ कसोटींत त्यांनी देशाचे नेतृत्व केले. दोन जिंकल्या, दोन गमावल्या, चार अनिर्णित. पण नेतृत्वाची खरी कसोटी मैदानाबाहेर होती. १९५८-५९ च्या वेस्ट इंडिजविरुद्धच्या मालिकेत भारताने चार कर्णधार बदलले. मद्रासच्या चौथ्या कसोटीसाठी सूत्रे उम्रीगरांकडे आली होती. विजय मांजरेकर जायबंदी असल्याने त्यांच्या जागी फलंदाजच हवा, मनोहर हर्डीकरांना घ्यावे, असे कर्णधाराचे म्हणणे; मंडळाच्या अध्यक्षांचा आग्रह मात्र फिरकी गोलंदाज जसू पटेल यांच्यासाठी. कर्णधाराला स्वतःचा संघ निवडता येत नसेल तर पद कशाला, अशी भूमिका घेऊन सामन्याच्या तोंडावर उम्रीगरांनी राजीनामा दिला. भारताचे कर्णधारपद पुन्हा त्यांच्या वाट्याला आले नाही.

या प्रकरणाला जोडून डिसेंबर १९५९ ची कानपूर कसोटी वाचावी. त्याच जसू पटेल यांनी सामन्यात १४ बळी घेतले आणि भारताने प्रथमच ऑस्ट्रेलियाला हरविले. दुसऱ्या डावात ऑस्ट्रेलिया १०५ धावांत गारद झाला. त्यातील पाच बळी पटेल यांचे, तर चार बळी २७ धावांत उम्रीगरांचे. म्हणून मद्रासला अध्यक्षांचे बरोबर होते, असे ठरत नाही. प्रश्न पटेल यांच्या गुणवत्तेचा नव्हता, अधिकाराचा होता. आणि ज्याच्या निवडीवरून आपले पद गेले, त्याच्या जोडीने दुसऱ्या टोकाकडून गोलंदाजी करताना उम्रीगरांचा हात आखडला नाही.

१९६२ चा वेस्ट इंडिज दौरा त्यांच्या कसोटी कारकिर्दीचा शेवट ठरला. बार्बाडोसला चार्ली ग्रिफिथचा चेंडू डोक्यावर आदळून कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर मृत्यूशी झुंजत होते, तेव्हा रक्त देणाऱ्यांत प्रतिस्पर्धी कर्णधार फ्रँक वॉरेल यांच्याबरोबर उम्रीगरही होते. त्यानंतरच्या पोर्ट ऑफ स्पेन कसोटीत छत्तीस वर्षांच्या उम्रीगरांनी आधी १०७ धावांत पाच बळी घेतले, मग ५६ धावा केल्या आणि फॉलोऑननंतर वेस हॉलच्या माऱ्यासमोर सुमारे चार तासांत नाबाद १७२. सामना भारताने गमावला. आमच्या मते हैदराबादच्या द्विशतकापेक्षा ही खेळी मोठी. १९५२ ला ज्याचे पाय सरकत होते असे म्हटले गेले, त्याच फलंदाजाने ती जगातील सर्वांत वेगवान गोलंदाजासमोर उभारली.

पुढच्याच किंग्स्टन कसोटीनंतर, पाठदुखीने त्रस्त असलेले उम्रीगर कसोटीतून निवृत्त झाले. ५९ कसोटी, ४२.२२ च्या सरासरीने ३,६३१ धावा, १२ शतके, ३५ बळी आणि बहुतांशी यष्टीच्या आसपास टिपलेले ३३ झेल. सामने, धावा आणि शतके या तिन्हींत तेव्हा ते भारतीयांत अव्वल होते. धावांचा आणि शतकांचा विक्रम पुढे सुनील गावसकर यांनी मोडला. १९७६ साली पोर्ट ऑफ स्पेनलाच भारताने चौथ्या डावात ४०६ धावा करून कसोटी जिंकली, त्या संघाचे व्यवस्थापक उम्रीगर होते. राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्षपद, मंडळाचे कार्यकारी सचिवपद, वानखेडे स्टेडियमच्या खेळपट्टीची देखरेख अशी कामे त्यांनी पुढे केली. १९६२ मध्ये पद्मश्री आणि नंतर मंडळाचा सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला. ७ नोव्हेंबर २००६ रोजी मुंबईत वयाच्या ८० व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचा पहिला पुरस्कार २००६-०७ च्या हंगामासाठी सचिन तेंडुलकर यांना देण्यात आला.