बंब किती मिनिटांत पोचतो? डहाणू-तलासरी आणि आगीच्या बंबाची गोष्ट

आजच्या भागाचा विषय आहे आगीचा बंब. नीट सांगायचं तर, बंब उभा कुठे असतो आणि तिथेच का असतो? इतिहासाच्या पॉडकास्टमध्ये अग्निशमन केंद्र कुठून आलं, असं वाटेल. पण आपल्या डहाणू-तलासरीत पुढच्या काही वर्षांत जे जे उभं राहणार आहे, ते पाहता हा इतिहास आत्ताच ऐकून ठेवलेला बरा.

आधी शब्दापासून सुरू करू. 'बंब' हा शब्द आला पोर्तुगीज 'बोंबा'वरून. अर्थ साधा, पंप. आपला किनारा बराच काळ पोर्तुगीजांकडे होता. डहाणूचा किल्ला मराठ्यांनी घेतला १७३९ साली. पोर्तुगीज गेले, पण त्यांचा पंप आपल्या तोंडी राहिला.

आता जरा मुंबईला जाऊ, कारण बंबाची मोठी गोष्ट तिथे घडते.

१७ फेब्रुवारी १८०३. मुंबईच्या कोटात, म्हणजे आजच्या फोर्टात, आग लागली आणि वस्तीचा सुमारे तिसरा हिस्सा जळाला. दाटीवाटीची घरं, लाकडी बांधकाम, त्यात वारा. त्यानंतर लोकांना कोटाबाहेर घरं बांधायला जागा दिल्या गेल्या आणि बाहेरचं शहर वाढलं. एका आगीने शहराचा नकाशा बदलला!

पुढे बरीच वर्षं आग विझवणं हे पोलिसांच्या गळ्यात टाकलेलं जादा काम होतं. मुंबई अग्निशमन दल आपली सुरुवात मानतं १ एप्रिल १८८७ पासून. १८८८ च्या महापालिका कायद्याने आगीपासून लोकांना वाचवण्याची जबाबदारी पालिकेवर आली. तेव्हा बंब घोडे ओढायचे. १९०७ साली मोटारीचा बंब आला.

इथे थांबू या, कारण आजचा मुद्दा इथेच आहे. घोडा किती लांबपर्यंत जोरात पळेल? दोन-तीन किलोमीटर, मग तो दमणार. म्हणजे प्रत्येक केंद्राभोवती एक वर्तुळ असतं, आणि त्या वर्तुळातलाच माणूस वेळेत वाचतो. मोटार आली, वर्तुळ मोठं झालं. पुढे गर्दी वाढली, गल्ल्या गाड्यांनी भरल्या आणि वर्तुळ पुन्हा आकसलं. ९ मे २०१५ ला काळबादेवीतल्या गोकुळ निवास इमारतीच्या आगीने अग्निशमन दलाचे ४ वरिष्ठ अधिकारी नेले. त्यानंतरच्या वर्षांत मुंबईने दाट वस्तीजवळ छोटी छोटी मिनी फायर स्टेशन उभी करायला घेतली. शंभर वर्षांपूर्वी घोड्यासाठी जे केंद्र जवळ हवं होतं, ते आता ट्रॅफिकसाठी जवळ हवं झालं.

मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून माझ्या भाषेत सांगतो. सर्व्हर कितीही दणकट असो, तो लांब असेल तर तुमच्या फोनवर ॲप गोल गोल फिरत बसतं. अग्निशमन केंद्राचंही तेच. जुनी इमारत पाडून नवी चकचकीत बांधली, पण जागा चुकीचीच राहिली, तर बदललं काय? रंग!

मुंबईच्या गोष्टीतली एक तारीख मात्र विसरून चालणार नाही. १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजावर कापसाच्या गाठी आणि सुमारे १,४०० टन स्फोटकं एकत्र होती. आग लागली, बंब पोचले, जवान विझवत होते आणि जहाज फुटलं. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. आजही १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात, तो त्यांच्या आठवणीत. बंब वेळेवर पोचला तरी समोर काय जळतंय हे आधी माहीत हवं, हा त्या दिवसाचा धडा.

आता गाडी पकडून डहाणू रोडला उतरू.

त्याच काळात, १९४५ साली, आपल्या भागात काय चाललं होतं? २३ मे ला आजच्या तलासरीतल्या झरी गावात वारली शेतकऱ्यांची मोठी सभा झाली. गोदावरी परुळेकरांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. वेठबिगार बंद करा ही मागणी होतीच, पुढे गवत कापणीच्या मजुरीची आली. ५०० पौंड गवताला अडीच रुपये. गवतावर लढा का? कारण हा भाग मुंबईच्या तबेल्यांना गवत पुरवायचा, जंगलातून लाकूड द्यायचा. आमची अर्थव्यवस्थाच सुक्या, पेटणाऱ्या मालाची होती. माल रेल्वेने शहरात जायचा, आणि बंबांचं जाळं वाढत राहिलं ते शहराच्या हद्दीत.

याचा अर्थ आपल्या लोकांना आग कळत नव्हती असा नाही. उलट शहरवाल्यांपेक्षा जास्त कळत होती. भाताचं रोप टाकायच्या आधी राब भाजतात तो आठवा. पालापाचोळा पसरायचा, कडेने जमीन साफ करायची, वारा पडलेला पाहून पेटवायचं, आणि हिरव्या डहाळ्या घेऊन माणसं कडेला उभी. कुणी पुस्तक वाचून शिकलेलं नाही. वनखात्याच्या जाळरेषा म्हणजे कडेची साफसफाईच, सरकारी मापात.

पण शेतातली आग वेगळी आणि घराची वेगळी. कारवीचा कूड, वर गवत किंवा कौलं, आत वर्षभराचं भात. माझ्या मामाच्या पाड्यावर एका उन्हाळ्यात असं घर पेटलं. विहिरीचा तळ दिसत होता. बायकांनी हंड्यांची रांग लावली, पोरांनी ओली गोणपाटं मारली. माणसं वाचली, भात गेलं. बंब आला तेव्हा लोक राखेतून भांडी काढत होते. बंबवाल्यांचा दोष नव्हता, ते आले तसे सुसाटच आले. अंतरच तेवढं होतं.

हे अंतर कायद्यातून आलंय. नगरपरिषदांच्या १९६५ च्या कायद्यात आग विझवणं हे नगरपरिषदेचं बंधनकारक काम आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने जे बारावं परिशिष्ट आलं, त्यातही अग्निशमन सेवा शहरी संस्थांच्या यादीत. म्हणजे बंबाची वाट शहराच्या हद्दीवरून ठरते. त्यापलीकडे कारखाने आपापल्या कुंपणात सोय करतात. डहाणूत नगरपरिषद, वाढवणच्या रस्त्याला ५०० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र, खाली बोईसरला तारापूर एमआयडीसी. मोठी आग लागली की यांचेच बंब धावतात. १७ जून २०२१ ला डहाणू तालुक्यात फटाक्यांच्या कारखान्यात स्फोट झाला, त्याचा हादरा लांबच्या गावांनाही बसला.

आता जरा हिशोब करू. ग्रामीण भागासाठी २० मिनिटांत पोचणं हे आपल्याकडे नियोजनात धरतात. पाण्याने भरलेला बंब आपल्या रस्त्यांवर तासाला ४० किलोमीटर गेला असं धरलं, तर २० मिनिटांत होतात १३ किलोमीटर. डहाणू रोडपासून चारोटी वीस-पंचवीस किलोमीटर. तलासरी त्याहून लांब. २०११ च्या जनगणनेत डहाणू तालुका ४ लाखांच्या वर, तलासरी दीड लाखाच्या वर. यातले किती जण त्या १३ किलोमीटरच्या आत?

आणि चारोटी म्हणजे नुसता नाका नाही, मुंबई-अहमदाबाद महामार्ग आहे. गुजरातच्या रसायनांचे टँकर तिथूनच जातात. २९ जानेवारी २०१४ ला मनोरजवळ बस आणि टँकरची टक्कर झाली, आग लागून ८ जण गेले. त्याच वर्षी मार्चमध्ये चारोटीला गॅसचा टँकर उलटून पेटला. पेटलेल्या तेलाच्या टँकरवर नुसतं पाणी मारून भागत नाही, फोम लागतो. १९४४ चा धडा इथे पुन्हा समोर येतो.

तलासरीची गोष्ट अजून गुंतागुंतीची. १९६० साली राज्य वेगळं झालं तेव्हा जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगाव तालुक्याचे तुकडे झाले. उंबरगाव गुजरातेत, तलासरीकडची गावं महाराष्ट्रात. आज तलासरीच्या काही गावांना उंबरगावची औद्योगिक वसाहत डहाणूपेक्षा जवळ आहे. आगीला सीमा कळत नाही, कंट्रोल रूमला मात्र कळते.

आणि आता पुढचं. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला, उद्योगांवर मर्यादा आल्या. ३० ऑगस्ट २०२४ ला वाढवण बंदराचं भूमिपूजन झालं. बुलेट ट्रेनचा मार्ग इथूनच जातो. बंदर हवं की नको, यावर आपल्या घराघरांत वाद आहेत, तो वेगळा भाग करू. पण एक गोष्ट दोन्ही बाजूंना मान्य व्हावी: कंटेनर आणि टँकर वाढले की आगीचा धोका कुंपणाबाहेर येतो, आणि नवे बंब कुंपणाच्या आतच राहिले तर पाडे होते तिथेच राहतील.

पैशाची वाट अगदीच बंद आहे असंही नाही. केंद्राने जुलै २०२३ मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी ५,००० कोटींची योजना आणली. जपानसारख्या श्रीमंत देशातही पगारी जवानांच्या जोडीला गावोगावी स्वयंसेवकांची पथकं असतात, गावातच छोटा पंप घेऊन. राब भाजणाऱ्या आपल्या पोरांना हे शिकवायला किती वेळ लागेल?

म्हणून नव्या केंद्राची घोषणा ऐकलीत की खर्च किती, उद्घाटन कोण करणार, हे नंतर विचारा. आधी विचारा, माझ्या पाड्यावर किती मिनिटांत? आणि वैशाखात पाणी कुठून भरणार? ग्रामसभेत हे दोन प्रश्न लिहून द्या, ठरावात घ्यायला लावा.

तोपर्यंत १०१ आणि ११२ हे नंबर फोनमध्ये ठेवा. सगळ्यात जवळच्या बंबाचा थेट नंबरही शोधून घरातल्या आजीलासुद्धा पाठ करायला लावा. तुमच्या गावापासून जवळचं अग्निशमन केंद्र किती किलोमीटर आहे, ते मोजून मला नक्की कळवा. पुढच्या भागात भेटू, काळजी घ्या!