कवितेतील तारुण्य, कीर्ती आणि अकाली मृत्यू

एखादा तरुण कार्यकर्ता अचानक गेला की काही तासांत त्याच्यावरच्या कविता मोबाईलवर फिरू लागतात. लिहिणाऱ्यांचे दुःख खरे असते. पण अशी कविता मृत्यूचे कारण सांगते की झाकते, हे पाहणे आम्हाला गरजेचे वाटते. इंग्रजी कवितेत या विषयाची मोठी परंपरा आहे. तिच्यातील चार उदाहरणे येथे घेतली आहेत.

थॉमस चॅटर्टन (१७५२–१७७०)

ब्रिस्टलचा हा मुलगा जन्मण्यापूर्वीच त्याचे वडील वारले होते. पंधराव्या शतकातील एका काल्पनिक धर्मगुरूच्या नावाने त्याने कविता लिहिल्या. लेखनावर पोट भरण्यासाठी तो १७७० मध्ये लंडनला गेला आणि चार महिन्यांत, वयाच्या सतराव्या वर्षी, भाड्याच्या खोलीत मरण पावला. ही आत्महत्या मानली जाते. काही अभ्यासक मात्र हा औषधाच्या चुकीच्या मात्रेचा अपघात मानतात. पुढे वर्ड्सवर्थ आणि कोलरिज यांनी त्याला कवितेत अमर केले. १८५६ मध्ये हेन्री वॉलिस यांनी त्याच्या मृत्यूचे प्रसिद्ध चित्र काढले. त्यात तो झोपल्यासारखा सुंदर दिसतो. गरिबी मात्र चित्राची नुसती पार्श्वभूमी होऊन बसते.

जॉन कीट्स (१७९५–१८२१)

कीट्सने १८१८ मध्ये आपले ‘एंडिमियन’ हे काव्य चॅटर्टनच्या स्मृतीला अर्पण केले. तीन वर्षांनी तो स्वतः रोममध्ये क्षयाने गेला, वय २५. शेलीने ‘अडोनेस’ या शोककाव्यात कठोर टीकाकारांना दोष दिला आणि टीकेने कवीचा जीव घेतला, ही दंतकथा रुजली. खरे कारण क्षय होते. त्याच रोगाने गेलेल्या धाकट्या भावाची शुश्रूषा कीट्सने केली होती.

ए. ई. हाउसमन यांची कविता

‘अ श्रॉपशायर लॅड’ हा हाउसमन यांचा संग्रह १८९६ मध्ये आला. त्यात तरुणपणी मरण पावलेल्या एका धावपटूवर कविता आहे. तिचा निवेदक म्हणतो की विक्रम मोडला जाण्याआधी आणि नाव विसरले जाण्याआधी गेलास, हे शहाणपणाचे झाले. कवितेत उपरोध आहे, दुःखही आहे. पण वाचक अनेकदा तेवढे सांत्वनच उचलतो. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात हा संग्रह खूप वाचला गेला.

विल्फ्रेड ओवेन (१८९३–१९१८)

ओवेन त्या युद्धात सैनिक होता. ‘अँथम फॉर डूम्ड यूथ’ या १९१७ च्या कवितेत मेलेल्या तरुणांसाठी चर्चच्या घंटा वाजत नाहीत, तोफा आणि बंदुका वाजतात. आपले पुस्तक वीरांविषयी नाही, असे त्याने प्रस्तावनेच्या मसुद्यात स्पष्ट केले होते. युद्ध संपायला एक आठवडा असताना, ४ नोव्हेंबर १९१८ रोजी तो मारला गेला, वय २५. त्याच्या कवितेत मृत्यू सुंदर होत नाही आणि मारणारी व्यवस्था नजरेआड जात नाही.

याहून जुना आणि वेगळा सूर थेरीगाथेत आहे. मुलगी जीवा गेल्यावर उब्बिरी स्मशानात तिच्या नावाने आक्रोश करते. याच जागी जीवा नावाच्या चौऱ्याऐंशी हजार मुलींचे दहन झाले आहे, त्यांतील कोणासाठी रडतेस, असा प्रश्न तिला विचारला जातो. येथे मेलेल्या मुलीला कीर्ती दिलेली नाही. मागे राहिलेल्या आईला दुःखातून बाहेर येण्याचा मार्ग दिला आहे.

आपण काय घ्यावे?

स्मृतिदिनाच्या कवितेत तीन गोष्टी जपाव्यात असे आम्ही सुचवतो. पहिली, मृत्यूचे कारण नेमके लिहावे: आजार, अपघात, हल्ला, छळ, बेकारी, जे असेल ते. दुसरी, माणूस मेल्यामुळे मोठा झाला असे सुचवू नये. तो जगताना काय करत होता ते सांगावे. तिसरी, अर्धे राहिलेले शिक्षण, काम आणि घरची माणसे कवितेतून गाळू नयेत. आत्महत्येच्या प्रसंगी तर जास्तच काळजी घ्यावी. ती कविता वाचणाऱ्यांत स्वतः निराशेत असलेला एखादा तरुण असू शकतो. मेल्यावर तरी आपली किंमत होईल, असे त्याला आपल्या शब्दांतून वाटता कामा नये.