माणसाआधी उठणारं यंत्र

१९०२ साली इंग्लंडातल्या बर्मिंगहॅम शहरात फ्रँक क्लार्क नावाच्या बंदुका बनवणाऱ्या कारागिराने एका यंत्राचं पेटंट घेतलं. हे यंत्र उशाशी ठेवायचं. रात्री झोपण्याआधी किटलीत पाणी भरायचं, दिव्यात स्पिरिट घालायचं आणि घड्याळाला गजराची चावी द्यायची. ठरल्या वेळी गजराची कळ सुटायची, आगकाडी खरखरीत कागदावर घासली जायची आणि दिवा पेटायचा. पाण्याला उकळी फुटली की वाफेच्या दाबाने झडप उचलली जायची, किटली आपसूक कलंडायची, पाणी चहाच्या भांड्यात पडायचं आणि घंटा वाजायची. चहा किंवा कॉफीचा पेला आपोआप तयार करणारं उपकरण, असंच पेटंटचं नाव होतं. कल्पना मात्र क्लार्कची नव्हती. ॲश्टन-अंडर-लाइन गावच्या अल्बर्ट रिचर्डसन या घड्याळजीकडून त्याने ती विकत घेतली होती. त्याच्याही आधी, १८९१ मध्ये, सॅम्युअल रोबॉटम याने गॅसच्या शेगडीवर चालणाऱ्या अशाच यंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला होता.

रात्री वेळ लावून ठेवली की सकाळी कॉफी तयार ठेवणारा आजचा कॉफी मेकर या घराण्यातला. त्याचे पूर्वज शोधायचे तर स्वयंपाकघरात जाऊन भागत नाही. ते सापडतात घड्याळजीच्या दुकानात आणि बंदुकीच्या कारखान्यात, म्हणजे कळ दाबून धरणं आणि नेमक्या क्षणी सोडणं ज्यांना जमत होतं त्या माणसांकडे. उकळत्या पाण्याचं काम कोणालाही येत होतं. अवघड होतं ते माणूस झोपलेला असताना काम सुरू करणं.

असं यंत्र इंग्लंडातच का हवंसं वाटलं, याचं उत्तर घरकामात आहे. खात्यापित्या इंग्रजी घरात पहाटेचा चहा नोकर आणून द्यायचे. पहिल्या महायुद्धानंतर घरकामाला माणसं मिळेनाशी झाली आणि १९३० च्या दशकात विजेवर चालणारी 'गॉब्लिन टीझमेड'सारखी यंत्रं मध्यमवर्गीय पलंगांशेजारी येऊन बसली. घरात सगळ्यांच्या आधी उठायचं कोणी, या जुन्या प्रश्नाला यंत्राने दिलेलं ते उत्तर होतं.

वाघूर नदीकाठचं पहूर हे खानदेशातल्या जामनेर तालुक्यातलं, जळगावहून अजिंठ्याला जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. तिथे या प्रश्नाचं उत्तर पिढ्यान् पिढ्या ठरलेलं आहे. घरातली बाई उठते. बंब पेटवणं, सडा टाकणं, दूध तापवणं, शेतात जाणाऱ्याच्या डब्यासाठी कळण्याच्या भाकरी थापणं आणि या सगळ्याच्या मध्येच घरादाराचा चहा. खानदेश हा चहाचा मुलूख. कॉफी येते ती परीक्षेच्या दिवसांत, पावसाळी संध्याकाळी किंवा चहा न पिणारा पाहुणा आला तर. भरपूर दूध, साखर आणि वरून घासलेलं जायफळ. तरीही पुण्या-मुंबईला किंवा परदेशात नोकरीला गेलेल्या मुलांमुळे वेळ लावायचा कॉफी मेकर अशा गावांतल्या ओट्यांवरही येऊन पोचतो. मग तिथल्या पाण्याशी, विजेशी आणि दुधाशी त्याची गाठ पडते.

घड्याळाचं घराणं कळलं, आता गाळणीचं. १९०८ साली जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये मेलिटा बेंट्झ या गृहिणीने पितळेच्या भांड्याला खिळ्याने भोकं पाडली आणि मुलाच्या वहीतला टिपकागद त्यात बसवला. कॉफीचा चोथा दातांत येतो आणि ती कडू होते, एवढीच तिची तक्रार होती. त्याच वर्षी तिने पेटंट घेतलं आणि कंपनीही काढली. गाळणी आणि वीज यांचा संसार थाटायला मात्र १९५४ उजाडलं. गॉटलोब विडमान या जर्मन माणसाचा 'विगोमॅट' हा विजेवर चालणारा पहिला ठिबक कॉफी मेकर मानला जातो. अमेरिकेत तोवर पर्कोलेटरचं राज्य होतं. त्यात तीच कॉफी पुन्हा पुन्हा उकळत फिरायची आणि जळकट व्हायची. क्लीव्हलंडचे व्हिन्सेंट मरोटा आणि सॅम्युअल ग्लेझर यांनी एडमंड एबल आणि अर्विन शुल्झ या दोन अभियंत्यांना हाताशी धरलं आणि १९७२ मध्ये 'मिस्टर कॉफी' बाजारात आणला. जाहिरातीला जो डिमॅजिओ हा बेसबॉलचा नामांकित खेळाडू मिळाला आणि पर्कोलेटरचे दिवस भरले.

या यंत्राचं पोट एकदा उघडून पाहण्यासारखं असतं. आत पंप असेल असं वाटतं, पण साध्या यंत्रात पंप नसतो. टाकीतलं पाणी स्वतःच्या वजनाने खाली उतरतं, एकाच दिशेने उघडणाऱ्या छोट्या झडपेतून जातं आणि तळाशी घोड्याच्या नालेसारख्या वाकवलेल्या ॲल्युमिनियमच्या नळीत शिरतं. या नळीला हीटर चिकटलेला असतो. पाणी उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात, मागची झडप बंद असल्यामुळे त्यांना एकच वाट उरते ती वरची. बुडबुडा आपल्या डोक्यावरचं पाणी ढकलत उभ्या नळीतून चढतो आणि पावडरीवर सांडतो. हाच हीटर वरच्या तव्यालाही ऊब देतो. टाकी रिकामी झाली की नळी कोरडी पडते, तापमान चढतं आणि थर्मोस्टॅट वीज तोडतो. कॉफी होत आल्यावर येणारी जी गुरगुर घरभर ऐकू जाते, ती नळीतल्या शेवटच्या वाफेची. गजर बंद करून पुन्हा डोळे मिटलेल्या माणसाला ती गुरगुर आणि पाठोपाठचा वास यांनी जाग येते. या यंत्राचं खरं सुख तिथे आहे. ते सुख मोठं आहे.

पहूरमध्ये पहिला अडथळा येतो तो याच नळीत. खानदेशातल्या बोअरच्या पाण्यात क्षार फार. पाणी उकळलं की ते नळीच्या आतल्या भिंतीवर पांढरे बसत जातात, वाट अरुंद होते, कॉफीला आधी लागायचा त्याच्या दुप्पट वेळ लागतो आणि गुरगुर सुरुवातीपासूनच ऐकू येऊ लागते. यंत्र बिघडलं म्हणून ते माळ्यावर जातं. खरं तर यावरचा इलाज या भागातल्या शेतकऱ्याला शिकवावाच लागत नाही. पहूरहून अजिंठ्याच्या दिशेने निघालं की वाकोद लागतं. देशात ठिबक सिंचन घरोघर, म्हणजे शेतोशेत पोचवणारे जैन इरिगेशनचे संस्थापक भवरलाल जैन याच वाकोदचे. केळी-कापसाच्या ठिबक नळ्या क्षारांनी तुंबल्या की त्यांना ॲसिड ट्रीटमेंट द्यायची, हे इथे सगळ्यांना ठाऊक असतं. शेतातलं ॲसिड अर्थात स्वयंपाकघरात आणायचं नाही. कॉफी मेकरला लिंबूसत्व पुरतं. टाकीभर पाण्यात चमचा-दोन चमचे विरघळवायचं, यंत्र अर्धं चालवून थांबवायचं, थोड्या वेळाने उरलेलं सोडायचं आणि मग साध्या पाण्याच्या दोन खेपा. फिल्टरचं पाणी वापरलं तर ही वेळच उशिरा येते.

दुसरा अडथळा विजेचा. तो समजायला पुन्हा घड्याळाकडे जावं लागतं. अमेरिकेत हेन्री वॉरन याने विजेच्या आवर्तनांवर चालणारं घड्याळ केलं. वीज सेकंदाला ६० वेळा हेलकावते, तेवढे हेलकावे मोजले की एक सेकंद. पण वीजकेंद्रातले हेलकावेच नियमित नव्हते. म्हणून १९१६ मध्ये त्याने बोस्टनच्या वीज कंपनीला एक मुख्य घड्याळ दिलं. ते पाहून केंद्रातले लोक आवर्तनं काटेकोर ठेवू लागले आणि हजारो घरांतली घड्याळं बरोबर चालू लागली. १९७० च्या दशकाअखेरीस कॉफी मेकरमध्ये वेळ लावायची सोय आली, तीही पुष्कळदा याच हेलकावे मोजण्यावर उभी होती.

भारतात वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. अमेरिकेतून आणलेला असा कॉफी मेकर घरच्यांनी ट्रान्सफॉर्मर लावून ११० व्होल्टवर चालवला तरी आवर्तनं ५० च राहतात, कारण ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हेलकावे नाही. मग त्याचं घड्याळ ताशी १० मिनिटं मागे पडतं, दिवसाला ४ तास. रात्री दहाला सहाची वेळ लावली तर कॉफी होते सकाळी साडेसात-पावणेआठला. घरचे बटणं चुकली समजून वेळ पुन्हा लावतात आणि यंत्र पुन्हा तेच करतं. चूक कोणाचीच नसते. ते यंत्र अमेरिकेतले सेकंद मोजत असतं. क्वार्ट्झच्या घड्याळाचं यंत्र असेल तर हा घोळ होत नाही, एवढं विकत घेताना पाहिलं तरी पुरे.

वीज गेली तर मात्र क्वार्ट्झवालंही बहुधा हात टेकतं. २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्राने बारा-बारा तासांचं भारनियमन सोसलं. आता ते दिवस नाहीत, पण वळवाच्या वाऱ्यात तार तुटते, डीपी उडते, पहाटे पाच मिनिटं वीज जाते. तेवढी पाच मिनिटं पुरतात. परत आलेल्या विजेत यंत्रावर नुसते १२:०० लुकलुकत राहतात आणि रात्री लावलेली वेळ पुसलेली असते. इन्व्हर्टर असला तरी सातशे-आठशे वॅटचा हीटर घरगुती इन्व्हर्टरला झेपेलच असं नाही.

पण माणूस झोपलेला असताना यंत्र सुरू करायची विद्या खानदेशाला नवी नाही. शेतीच्या फीडरवर थ्री फेज वीज पाळीपाळीने येत आली आहे, कधी दिवसा तर कधी रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात विहिरीवरचा पंप चालू करायला अंधारात, साप-विंचवातून जावं लागतं. त्यावर शेतकऱ्यांनी ऑटोस्विच बसवला. वीज आली की पंप आपला आपण सुरू. गावातले सगळे पंप एकाच क्षणी सुरू झाले की ट्रान्सफॉर्मरवर ताण येऊन तो जळतो, म्हणून ऑटोस्विच काढा आणि कॅपॅसिटर बसवा, असं महावितरण वर्षानुवर्षं सांगत आलं आहे. तक्रार रास्त आहे. पण ज्याला पहाटे दोनला उठायचं आहे त्याच्या झोपेचीही किंमत धरली पाहिजे. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी मोबाइलवरून पंप चालू-बंद करणारं 'नॅनो गणेश' तयार केलं, त्याला २००९ मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत पुरस्कार मिळाला. ते काम क्लार्कच्या यंत्राच्याच घराण्यातलं आहे, आणि माणसाचे कष्ट वाचवण्याच्या हिशेबात टीझमेडपेक्षा कितीतरी मोलाचं. ऑटोस्विचला घड्याळ नसतं. जिथे विजेचीच वेळ ठरलेली नाही तिथे वीज आल्याची खूण पकडायची, हे शहाणपण त्यात आहे.

राहिला प्रश्न दुधाचा, आणि इथे हे यंत्र मराठी घरात कमी पडतं. त्याच्या टाकीत दूध घालायचं नसतं. ते नळीत करपतं आणि यंत्र कायमचं नासतं. यंत्र देतं फक्त कोरा काढा, तोही पातळ, कारण तो तसाच पिणाऱ्यांसाठी बेतलेला आहे. त्यात निम्मं दूध घातलं की ना धड कॉफी ना धड दूध. यावर उपाय आहे. पाणी निम्मं आणि पावडर तेवढीच ठेवायची, म्हणजे दुधाला टक्कर देईल असा काढा उतरतो. दाक्षिणात्य फिल्टरसाठी दळलेली चिकोरी मिसळलेली बारीक पूड मात्र इथे चालत नाही. ती गाळणीत थबकते, पाणी तुंबतं आणि चोथ्यासकट ओट्यावर येतं. रव्याइतकी जाडसर, बिनचिकोरीची पूड हवी. कॉफी झाली की लगेच थर्मासमध्ये ओतावी. तव्यावर तासभर राहिली तर पर्कोलेटरसारखीच जळकट होते.

दूध तापवायला कोणीतरी उठतंच. म्हणजे पहिली जाग कोणाला येते हे या यंत्राने पहूरच्या घरात बदललेलं नाही. शिवाय रात्रीची तयारी आहेच. टाकी भरणं, कागद बसवणं, पूड मोजणं, सकाळी चोथा टाकून भांडं विसळणं. ही कामं कोणाच्या वाट्याला येतात त्यावर हे यंत्र घरातल्या बाईला वरदान वाटतं की आणखी एक भांडं वाटतं, ते ठरतं. रात्रीची तयारी कॉफीची हौस असणाऱ्याने स्वतः केली, तर तिची सकाळची दहा मिनिटं खरोखर वाचतात.

वीज जाण्याच्या दुखण्यावर इलेक्ट्रिकच्या दुकानात एक स्वस्त तोड मिळते. ती आहे भिंतीच्या सॉकेटमध्ये बसणारा यांत्रिक टायमर. तबकडीच्या कडेने ९६ खुंट्या, प्रत्येक खुंटी १५ मिनिटांची. हव्या त्या वेळेच्या दोन-तीन खुंट्या खाली दाबायच्या. १६ अँपिअरचा घ्यावा आणि कॉफी मेकर बिनघड्याळाचा, एका खटक्याच्या बटणाचा घ्यावा. खटका रात्रीच दाबून ठेवता येतो, बोटाच्या स्पर्शाने चालणारं इलेक्ट्रॉनिक बटण तसं दबून राहत नाही. वीज गेली की तबकडी थांबते, आली की जिथे थांबली तिथून पुढे फिरते. लावलेली वेळ पुसली जात नाही. चाळीस मिनिटं वीज नसली तर कॉफी चाळीस मिनिटं उशिरा होते. दूध तापवायला उठलेल्या माणसाने तबकडी तेवढी पुढे सरकवली की काम झालं.