धाव, रबर आणि ट्रॅक : सातारा-सांगलीच्या चाकांची गोष्ट



इतिहासाच्या व्याख्यानमालेत टायर हा विषय कशाला, असं काही जणांना वाटलं असेल. कारण सांगतो. आपल्या सातारा-सांगलीकडची बरीच तरुण मुलं हल्ली स्वतःची गाडी किंवा मोटारसायकल घेऊन ट्रॅकवर जातात. कोल्हापूरजवळ मोहितेंचा गो-कार्टिंगचा ट्रॅक आहे, पुढे कोइमतूरचा करी स्पीडवे आहे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आहे. दिवसभराची फी भरायची आणि बंद रस्त्यावर गाडी मनसोक्त पळवायची, याला ट्रॅक डे म्हणतात. ही मुलं परत आली की एकच प्रश्न विचारतात : “ट्रॅकवर टिकणारा टायर कोणता?”

आम्हाला वाटतं, या प्रश्नातच एक घोटाळा आहे. टायर टिकतो म्हणजे नेमकं काय? तो झिजत नाही, की तो रस्ता सोडत नाही? या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. आणि हा झगडा मोटारीच्या फार आधीपासून आपल्या गावच्या चाकावर चालू आहे. म्हणून सुरुवात बैलगाडीपासून करू.

लाकडी चाकावर जी लोखंडी पट्टी चढवतात तिला आपण ‘धाव’ म्हणतो. पळणं यालाही धाव आणि चाकाच्या कडेलाही धाव! मधे तुंबा, तुंब्यात बसवलेले आरे, आऱ्यांवर गोलाकार जोडलेले पुठ्ठे आणि त्यांना बाहेरून आवळणारी धाव, असं हे चाक. लाकूडकाम सुताराचं, धाव लोहाराची.

धाव चढवण्याची रीत ज्यांनी बघितली आहे ते विसरणार नाहीत. पट्टीचं कडं मुद्दाम चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करायचं. मग ते जमिनीवर आडवं ठेवून भोवती गोवऱ्या रचायच्या आणि लाल होईपर्यंत तापवायचं. लोखंड तापलं की फुगतं. साडेचार फूट उंचीच्या चाकाचा घेर सव्वाचार मीटरच्या आसपास भरतो. पाचशे अंशांनी तापवलं तर एवढ्या पट्टीची लांबी सुमारे अडीच सेंटीमीटर वाढते. तेवढ्या वेळात ती सांडशीनं धरून चाकावर बसवायची, घणानं ठोकायची आणि लगेच पाणी ओतायचं. लोखंड आकसतं, पुठ्ठे आरे दाबतात, आरे तुंब्यात घट्ट बसतात. एक खिळा न मारता सगळं चाक एकजीव होतं. उन्हाळ्यात लाकूड सुकून धाव ढिली झाली की चाक ओढ्यात भिजत टाकायचं.

आता ही धाव टायर म्हणून कशी? टिकायला एकदम भारी. वर्षानुवर्षं चालायची. पण लोखंड दबत नाही. दगडावर चाक आपटलं की तो दणका थेट गाडीला आणि तिथून जुवाखाली बैलाच्या मानेला. शिवाय अरुंद पट्टीवर सगळं वजन, त्यामुळं ती रस्त्यात रुतते. एकाच वाटेनं शेकडो गाड्या गेल्या की दोन खोल खाचा पडतात. त्याच आपल्या चाकोऱ्या. ‘चाकोरीबाहेर जाऊ नये’ असं आपण म्हणतो, पण चाकोरी कुणी ठरवून आखलेली नव्हती. कडक टायर आणि मऊ रस्ता यांच्या भांडणात रस्ता हरला, त्याची ती खूण.

आपल्याकडच्या बैलगाडी शर्यतीतही हाच शब्द आहे. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेसारख्या ठिकाणी शर्यत बघितलेल्यांना माहीत आहे : शेजारी शेजारी चाकोऱ्या आखलेल्या, प्रत्येक गाडीनं आपल्या चाकोरीतून सरळ पळायचं. आधी गट, मग सेमी फायनल, मग फायनल. शर्यतीचा छकडा ओझ्याच्या गाडीपेक्षा कितीतरी हलका. इथं चाकाचं काम काय, हे नीट बघा. चाक गाडीला ढकलत नाही. ते फक्त मागून गडगडत येतं. जमीन पकडायचं, जोर लावायचं, थांबायचं, हे सगळं बैलाच्या खुरांवर. म्हणजे बैलगाडीचा खरा टायर खूर आहे!

आणि खुराचाही तोच प्रश्न. डांबरी रस्त्यावर रोज चालणाऱ्या बैलाचं खूर झिजतं, म्हणून पत्री ठोकतात. पत्री ठोकली की खूर टिकतं, पण गुळगुळीत डांबरावर तोच बैल घसरतो. टिकाऊपणा मिळवला आणि पकड दिली. हे वाक्य लक्षात ठेवा, आपण पुन्हा त्यावर येणार आहोत.

आता जरा लांब जाऊ. 1888 साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप नावाच्या माणसानं मुलाच्या तीनचाकी सायकलला हवेचा रबरी टायर बसवला. हा डनलॉप धंद्यानं कोण होता? जनावरांचा डॉक्टर! कल्पना त्याच्याही आधीची, रॉबर्ट थॉमसन यानं 1845 मध्येच हवेच्या टायरचं पेटंट घेतलं होतं. पण कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. लोकांचा विश्वास बसला तो शर्यतीमुळं. 1889 च्या मे महिन्यात बेलफास्टच्या मैदानावर विली ह्यूम हा सायकलपटू डनलॉपचे फुगीर टायर लावून उतरला. लोक आधी हसले. त्यानं शर्यती जिंकल्यावर हसू थांबलं.

मोटारीच्या बाबतीत उलटं झालं. 1895 च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत मिशलाँ बंधूंनी हवेच्या टायरवरची गाडी आणली आणि ती पंक्चरांनी अक्षरशः बेजार झाली. जिंकण्याचा प्रश्नच नव्हता. पण एवढ्या लांब पल्ल्यावर हवेच्या टायरवर मोटार चालू शकते हे दिसलं, आणि काही वर्षांत मोटारींनी हवेचेच टायर घेतले. चांगली पकड आणि कमी धक्का यांसाठी माणसानं पंक्चर पत्करलं.

तेच रबर मग आपल्या बैलगाडीला आलं. जनावरांच्या डॉक्टरनं मुलासाठी केलेली वस्तू जनावरांपर्यंत पोचली. आपल्याकडं तिला खरा जोर आणला तो उसानं. 1960 च्या आसपासपासून सांगलीचा शेतकरी सहकारी कारखाना, रेठऱ्याचा कृष्णा, पुढं साखराळ्याचा राजारामबापू असे कारखाने उभे राहिले आणि फडातून गव्हाणीपर्यंत ऊस वाहायला टायरगाड्या लागल्या. टायर बहुधा ट्रकमधून उतरलेले. नक्षी गुळगुळीत झालेली, तरी गाडीला चालून जायचे.

रबरामुळं ओढायला सोपं झालं, हे खरं. बैलाचा त्रास कमी व्हायला हवा होता. झालं काय? गाडी हलकी चालते म्हणून ओझं वाढवलं. धावेच्या गाडीत टनभर माल जायचा, तिथं टायरगाडीत दीड-दोन टन आणि त्याहून जास्त ऊस भरू लागले. चाकानं वाचवलेली ताकद माणसानं वजनात खर्च केली. आणि अशा गाडीला ब्रेक नसतो. उतारावर दोन टन ऊस मागून रेटतो, तो बैलानं मानेनं थोपवायचा. 1970 च्या दशकात बंगळूरच्या आयआयएमचे संचालक एन. एस. रामस्वामी यांनी देशभरच्या बैलगाडीचा अभ्यास हाती घेतला. मानेवरचं जू, चाकाची ओढ, ब्रेक नसणं, या साध्या वाटणाऱ्या गोष्टी त्यांनी पुन्हा पुन्हा मांडल्या. नुसता टायर बदलून भागत नाही, हे त्यांच्या कामातून दिसतं.

इथं एक प्रश्न विचारू. ट्रकवाल्यानं टाकून दिलेला टायर उसाच्या गाडीला वर्षानुवर्षं कसा चालतो? उत्तर आहे उष्णता. टायर फिरताना खालचा भाग दबतो, वर गेला की सुटतो. प्रत्येक फेरीला रबर वाकतं आणि थोडं तापतं. बैल ताशी चार किलोमीटर चालतो, टायरला निवायला भरपूर वेळ. ट्रॅकवर तोच टायर सेकंदाला पंधरा-वीस फेऱ्या घेतो, वर ब्रेकचा रेटा, वळणाचा ताण. उष्णता आत साठते. म्हणून रस्त्यावर चाळीस हजार किलोमीटर चालणारा टायर ट्रॅकवर एका दिवसात कडेनं फाटू शकतो. ट्रॅकवर टायरला मारते ती उष्णता. झीज नंतरची गोष्ट.

दुसरा फरक पकडीचा. बैलगाडीत खूर आणि चाक यांची कामं वाटलेली होती. मोटारीत वेग, ब्रेक आणि वळण ही तिन्ही कामं टायरवरच. आणि प्रत्येक टायर जमिनीला टेकतो तो हाताच्या पंजाएवढ्या जागेवर. असे चार पंजे, एवढ्यावर सगळी गाडी. म्हणून शर्यतीवाले मऊ रबर घेतात. 1971 च्या सुमारास फॉर्म्युला वनमध्ये नक्षी नसलेले, पूर्ण गुळगुळीत टायर आले. नक्षी पाणी बाजूला काढायला लागते. कोरड्या रस्त्यावर जितकं रबर टेकेल तितकी पकड जास्त.

आणि निवड चुकली तर काय होतं? 19 जून 2005, अमेरिकेतलं इंडियानापोलिस. त्या वर्षी फॉर्म्युला वनचा नियम होता की एकच टायरसंच पात्रता फेरी आणि पूर्ण शर्यत टिकला पाहिजे. तिथल्या शेवटच्या, कलत्या वळणावर मिशलाँचे टायर दगा देऊ लागले. शुक्रवारी सरावातच राल्फ शूमाखरचा अपघात झाला. कंपनीनं स्वतःच सांगितलं, या वेगानं हे टायर सुरक्षित राहतील याची खात्री देता येत नाही. शर्यतीच्या दिवशी वीसपैकी चौदा गाड्या सुरुवातीच्या फेरीनंतर आत निघून गेल्या. ब्रिजस्टोनवाल्या सहाच गाड्या धावल्या. त्यात आपला नरेन कार्तिकेयन चौथा आला आणि फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवणारा पहिला भारतीय ठरला. लोकांनी टायर कंपनीला शिव्या घातल्या. आम्हाला मात्र वाटतं, ‘आमचा टायर इथं चालणार नाही’ हे वेळेवर सांगणं हीसुद्धा कारागिरीच आहे. जुना लोहारही चाक बघून म्हणायचा, याला आता धाव नको, चाकच नवं करा.

मग आपल्या मुलांनी काय बघावं? चारच गोष्टी सांगतो.

पहिली, तारीख. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. 2324 म्हणजे 2024 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक असली तरी जुनं रबर कडक होतं. धाव म्हातारी झाली की वाजते, रबर म्हातारं झालं की गप्प बसतं आणि ऐन वळणावर सोडतं. रिमोल्ड केलेला टायर तर ट्रॅकवर न्यायचाच नाही.

दुसरी, वेगाचं अक्षर आणि वजनाचा आकडा. 91 V असं लिहिलेलं असेल तर एका टायरवर 615 किलो आणि ताशी 240 किलोमीटरपर्यंतची मर्यादा. T म्हणजे 190, H म्हणजे 210. गाडीच्या कंपनीनं सांगितलंय त्याच्या खाली उतरायचं नाही.

तिसरी, झिजेचा आकडा, म्हणजे ट्रेडवेअर. तो बऱ्याच मोटारींच्या टायरवर छापलेला असतो. रोजच्या टायरवर तो साधारण तीनशे ते पाचशे, ट्रॅकला चालणाऱ्या मऊ टायरवर दोनशेच्या आसपास. आकडा लहान तर पकड बहुधा जास्त आणि आयुष्य कमी. पहिल्यांदा जाणाऱ्यानं मात्र दोनशेच्या मागं धावू नये. नवे, चांगल्या कंपनीचे रोजचे टायर घेऊन जावं, कारण ते सुटायच्या आधी किंचाळून इशारा देतात.

चौथी, हवा. थंड असताना 32 भरली आणि टायर पन्नास अंशांनी तापला, तर दाब 40 च्या जवळ जातो. मग टायर फुग्यासारखा मधेच टेकतो. म्हणून थोडी कमी हवा भरून सुरुवात करायची, चार-पाच फेऱ्या झाल्या की गरम टायरचा दाब मोजायचा आणि जास्तीची हवा सोडायची. संध्याकाळी घरी निघताना पुन्हा भरायची. हे विसरलं की महामार्गावर घात.

आणि तो मऊ, कमी नक्षीचा टायर लावून जुलैत यवतेश्वर घाटातून कासला जायचं नाही. पाण्यावर तो तरंगतो. ट्रॅकचा टायर ट्रॅकवर, रस्त्याचा रस्त्यावर.

शेवटी एक. बैलगाडी शर्यतींवर 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातली. राज्यानं 2017 मध्ये कायदा दुरुस्त केला, 16 डिसेंबर 2021 ला अटींसह परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 ला घटनापीठानं तो कायदा ग्राह्य धरला. आता अंतर हजार मीटरच्या आत, चाबूक-काठी बंद, बैलाला इजा केली तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. म्हणजे समाजानं काय ठरवलं? पळा, पण जागा ठरलेली, अंतर ठरलेलं आणि जो जीव तुम्हाला ओढतोय त्याची जबाबदारी तुमची. बैलगाडीत तो जीव पुढं दिसतो. मोटारीत तो शेजारच्या सीटवर असतो किंवा समोरून दुचाकीवर येत असतो.

म्हणून ‘टिकणारा टायर कोणता’ याचं आमचं उत्तर असं : आधी रस्ता सांगा, वजन सांगा, वेग सांगा, मग टायर विचारा. धाव टिकली आणि तिनं बैलाची मान सोलली. उसाच्या गाडीचं रबर टिकलं आणि आपण वजन वाढवलं. ट्रॅकचा टायर लवकर संपतो, तो संपू द्यावा. तो झिजतो म्हणूनच गाडी वळणात राहते. टायर वाचवायचा की माणूस, हे ठरवून दुकानात जावं.

इथंच थांबतो.