परवान्याने बांधलेले श्रम

बाहेरची माणसे आली की आपली मजुरी घटते, ही तक्रार अमेरिकेतील कामगार चळवळीत जुनीच आहे. रेल्वेमार्ग बांधणाऱ्या चिनी मजुरांविरुद्ध ती उठली आणि १८८२ साली चिनी मजुरांना देशाची दारे बंद करणारा कायदा झाला. ज्याने त्यांना कमी मजुरीवर राबवले तो मालक मात्र नामानिराळा राहिला. आज तोच वाद संगणकाच्या धंद्यात उभा आहे. या वेळी मध्यभागी भारतीय तंत्रज्ञ आहे. म्हणून हा इतिहास आपण तपासला पाहिजे.

१९९० च्या कायद्याने एच-१बी परवाना आला. वर्षाला ६५,००० ही त्याची मर्यादा. कंपन्यांच्या मागणीवरून ती वाढत गेली आणि २००१ ते २००३ या वर्षांत १,९५,००० झाली. २००४ पासून ती पुन्हा ६५,००० वर आली. पुढे अमेरिकेत उच्च पदवी घेतलेल्यांसाठी २०,००० जागा वेगळ्या देण्यात आल्या. या परवान्यांतील मोठा वाटा भारतीयांना मिळाला.

वेतनावर परिणाम काय झाला? अर्थशास्त्रज्ञांत एकमत नाही. बाउंड, खन्ना आणि मोरालेस यांच्या हिशेबाप्रमाणे परदेशी तंत्रज्ञांची संख्या वाढली नसती तर २००१ साली अमेरिकन संगणक-तंत्रज्ञांचे वेतन २.६ ते ५.१ टक्क्यांनी अधिक असते. मात्र त्याच हिशेबात माल स्वस्त झाला आणि कंपन्यांचा नफा वाढला. पेरी, शी आणि स्पार्बर यांना २०१५ साली वेगळे आढळले : असे तंत्रज्ञ जिथे अधिक आले त्या शहरांत स्थानिक पदवीधरांचे वेतन वाढले. एकाने एक धंदा पाहिला, दुसऱ्याने सबंध शहर. म्हणून दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

पण खरा प्रश्न माणसांच्या संख्येचा नाही, बंधनाचा आहे. परवान्यासाठी अर्ज करतो मालक. नोकरी गेली की तंत्रज्ञाला दुसरा मालक शोधायला जेमतेम ६० दिवस मिळतात. कायम वास्तव्याच्या परवान्यांत एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतीयाला वर्षानुवर्षे ताटकळावे लागते. असा माणूस वेतनासाठी भांडणार कसा? २०१५ साली ऑर्लँडोच्या डिस्नेमधून सुमारे २५० तंत्रज्ञ निघाले. त्यांतल्या काहींना आपल्या जागी येणाऱ्यांना काम शिकवावे लागले. शिकवणारा आणि शिकणारा दोघेही हतबल होते. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली. तिने भिंत उंच केली, दोरी सोडली नाही.

आता आपला प्रश्न. ही दारे उघडली ती मुख्यतः ज्यांच्या घरात इंग्रजी आणि पदवी आधीच पोचली होती त्यांना. त्यांनी सामानाबरोबर जातही नेली. एका दलित अभियंत्याशी भेदभाव झाल्याचा आरोप करून कॅलिफोर्नियाच्या शासकीय खात्याने २०२० साली सिस्कोवर दावा लावला; कंपनीने आरोप नाकारला. २०२३ साली सिअ‍ॅटल नगरपरिषदेने जातिभेदावर बंदी घातली, पण त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या राज्यपालांनी तसे विधेयक नामंजूर केले.

मुंबईच्या गिरण्यांत हे आपण पाहिले आहे. तुटलेला धागा तोंडाने ओला करून जोडावा लागतो, म्हणून अस्पृश्यांना विणकाम खाते बंद होते आणि तिथली चांगली मजुरीही. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. मालकाशी लढताना कामगारांनी आपल्यातली भिंतही पाडावी, हा त्याचा अर्थ.

तेव्हा परदेशी तंत्रज्ञाला हाकला म्हणणारी संघटना मालकाचेच काम करते. आणि परवान्याचे गोडवे गाणारा, पण शेजारच्या मेजावरच्या माणसाची जात विचारणारा तंत्रज्ञही तेच करतो. समान वेतन, मालक बदलण्याचा हक्क आणि जातिभेदाविरुद्ध कायदा या तीन मागण्या एकत्रच केल्या पाहिजेत. त्यांतली एक जरी गाळली, तरी उरलेल्या दोन मालकाच्या सोयीच्या ठरतील.