विमानाची पुसापुशी

विमानविद्येचा इतिहास सांगूं लागलें म्हणजे धाडसी वैमानिकांचीं आणि कल्पक शोधकांचीं नांवें पुढें येतात. फडकें व बादली घेऊन पंखाखालीं वांकलेल्या माणसाचें नांव मात्र कोणत्याहि ग्रंथांत आढळत नाहीं. त्याचें काम हलकें समजलें जातें. परंतु गेल्या सवाशें वर्षांचा वृत्तांत नीट पाहिला तर असें दिसतें कीं, लहान विमानाच्या अंगावरील किडे व मळ हा केवळ शोभेचा प्रश्न कधींच नव्हता. विमानाचा वेग, त्याचें आयुष्य आणि प्रसंगीं आंत बसलेल्यांचे प्राणहि त्यावर अवलंबून राहिले आहेत.

प्रारंभींचा मुख्य शत्रु किडे नव्हे, तर तेल हा होता. १९०९ सालीं फ्रान्समधील रेंस येथें भरलेल्या उड्डाण-मेळाव्यांत आंरी फार्मन यानें लांब पल्ल्याचें बक्षीस मिळविलें, तें 'नोम' नांवाच्या नव्या इंजिनाच्या जोरावर. या इंजिनाची तऱ्हा विलक्षण होती. पंख्याबरोबर सबंध इंजिनच गरगर फिरे. त्याला वंगण म्हणून एरंडेल लागे, कारण पेट्रोलमध्यें तें सहजासहजीं मिसळत नाहीं. हें तेल एकदां वापरलें कीं टाकींत परत न येतां धुराबरोबर बाहेर फेकलें जाई. पहिल्या महायुद्धांतील 'सॉपविथ कॅमल'सारख्या विमानांच्या अंगावर आणि वैमानिकाच्या चष्म्यावर त्याचा सडा पडे. तेलाचे तुषार पोटांत गेल्यामुळें एरंडेलाचा घरगुती गुणहि वैमानिकांना अनुभवावा लागे, असें गमतीनें सांगत. त्या काळीं जगाच्या बाजारांत एरंडी पाठविणारा प्रमुख देश हिंदुस्थानच होता. तेव्हां युरोपच्या आकाशांत उधळलेल्या त्या तेलांत आपल्याकडील शेतांचाहि वाटा असलाच पाहिजे.

त्या वेळचे पंख म्हणजे लाकडी सांगाड्यावर ताणून रोगण दिलेलें कापड. त्यावर तेल बसलें कीं धूळ चिकटे, आणि मळाच्या थराखालीं काय बिघडलें आहे तें दिसेनासें होई. म्हणून विमान खालीं आलें कीं यांत्रिक प्रथम फडकें हातीं घेत. पुसतां पुसतां उसवलेली शिवण, ढिली तार, चिरलेली फळी हाताला लागे. पुसणें हेंच तपासणें, ही या धंद्यांतील पहिली शिकवण तेथें मिळाली, आणि ती अद्याप जुनी झालेली नाहीं.

किड्यांचा प्रश्न शास्त्रज्ञांपुढें आला तो निराळ्या वाटेनें. अमेरिकेच्या शेतकी खात्यांतील ग्लिक या संशोधकानें १९२६ पासून १९३१ पर्यंत लुइझियाना प्रांतांतील टॅलुला येथें विमानाच्या पंखांना चिकट जाळ्या लावून आकाशांतील किडे गोळा केले. हजाराहून अधिक उड्डाणें झालीं आणि १९३९ सालीं त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. जाळें सोडून वाऱ्यावर तरंगणारा एक कोळी १५,००० फूट उंचीवर सांपडला! तथापि किड्यांची खरी दाटी जमिनीलगतच आढळली. यावरून विमानचालकांच्या नित्य अनुभवाचा उलगडा होतो. पंखांच्या पुढल्या धारेवर जे डाग पडतात, ते मुख्यतः वर चढतांना व खालीं उतरतांना पडतात.

एवढ्याशा चिलटानें एवढ्या मोठ्या पंखाचें काय बिघडणार? याचें उत्तर जर्मन शास्त्रज्ञ लुडविग प्रांट्ल यानें १९०४ सालीं मांडलेल्या सिद्धांतांत आहे. पंखाला अगदीं लागून हवेचा एक पातळ थर असतो, आणि हवेचा अडथळा बराचसा या थराच्या वागणुकीवर ठरतो. हा थर संथ वाहत राहिला तर विमान सहज सरकतें. मध्येंच कांहीं उंचवटा आला तर तो खवळतो आणि तेथून मागें घर्षण वाढतें. नदीच्या संथ पात्रांत खडक आला म्हणजे पुढें पाणी घुसळत जातें, तसाच हा प्रकार.

याचा पडताळा इंग्लंडांत मोठ्या मौजेनें घेण्यांत आला. 'स्पिटफायर' विमानाच्या पत्र्यावरील रिव्हेटांचीं डोकीं सपाट ठेवावीं कीं गोल, हा प्रश्न होता. सपाट रिव्हेट खर्चाचे. तेव्हां प्रत्येक रिव्हेटावर वाटाण्याची एकेक डाळ सरसानें चिकटवून विमान उडविलें. वेग ताशीं सुमारें २२ मैलांनीं घटला! मग एकेक ओळ काढीत कोठें सपाट रिव्हेट हवेत तें ठरविलें. वाळलेला किडा हा त्या डाळीचाच धाकटा भाऊ होय. १९३९ सालीं सिडनी कॉटन यानें टेहळणीच्या स्पिटफायरवरील तोफा उतरविल्या, सांधे लुकणानें बुजविले आणि अंग घासून गुळगुळीत केलें. वेगांत बराच फरक पडला. १९४० सालीं प्रथम उडालेल्या 'मस्टँग' विमानाचे पंख तर संथ थर टिकावा अशाच घाटाचे होते. पण रोजच्या वापरांतील धूळ, ओरखडे व किडे यांनीं तो लाभ बहुतेक हिरावून घेतला.

१९७९ सालीं अमेरिकेंत बर्ट रुटान यानें 'लाँग-ईझी' हें घरीं बांधतां येण्याजोगें छोटें विमान उडविलें. त्याचा लहान पंख नाकाजवळ होता. त्यावर पाऊस पडला किंवा किडे साचले कीं त्याची उचल कमी होई, विमानाचें नाक खालीं झुके आणि उतरण्याचा वेग वाढवावा लागे. पुढें जॉन रॉन्झ यानें त्या पंखाचा घाट बदलून हा दोष दूर केला. बिनइंजिनाच्या ग्लायडरवाल्यांनीं तर पंखाच्या धारेवरून दोरीनें सरकणारी छोटी पुसणी बनविली आहे. ती उडतां उडतां किडे खरवडून परत येते. २०१५ सालीं 'नासा' संस्थेनें पुन्हां लुइझियानांतच मोठ्या विमानाच्या पंखावर पांच लेपांची परीक्षा केली. त्यांतील एकानें किड्यांचे डाग सुमारें ४० टक्क्यांनीं कमी केले. पूर्णपणें कोणीच थांबविले नाहींत. फडकें अजून सेवेंतून निवृत्त झालेलें नाहीं.

आपल्याकडे १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गें जुहूस टपाल घेऊन उतरले, तें 'पस मॉथ' विमानहि कापडी अंगाचेंच होतें. पावसाळ्यांत जुहूचें मैदान चिखलांत बुडे व मुक्काम पुण्यास हलवावा लागे. चिखल, समुद्राची खारी हवा आणि कापड यांचा संयोग काय करतो, हें कोंकणांतील गृहिणीस सांगावयास नको.

पुसण्याचेंहि शास्त्र आहे. वाळलेला किडा खरवडूं नये. ओलें फडकें कांहीं वेळ त्यावर ठेवावें म्हणजे तो आपण होऊन सुटतो. पुढची पारदर्शक तावदानें कांचेचीं नसून ॲक्रिलिकचीं असतात. तीं प्रथम भरपूर पाण्यानें हातानें धुवावीं, मग मऊ कापडानें सरळ रेषेंत पुसावीं. अमोनिया असलेल्या कांच पुसण्याच्या द्रवानें त्यांवर बारीक तडे जातात. पोटाखालीं साचलेली काजळी व तेल सौम्य साबणानें काढावें, पण सांध्यांतील वंगणावर पाण्याचा जोराचा झोत मारूं नये.

सर्वांत मोठी सावधगिरी मात्र बारीक छिद्रांची. फ्रेंच अभियंता आंरी पितो यानें १७३२ सालीं नदीचा वेग मोजण्यासाठीं काढलेली नळीच आज विमानाचा वेग सांगते. हवेचा दाब घेणारीं छिद्रें उंची सांगतात. ६ फेब्रुवारी १९९६ रोजीं डोमिनिकन प्रजासत्ताकाजवळ एक मोठें विमान समुद्रांत कोसळून १८९ माणसें गेलीं. कित्येक दिवस उघड्या राहिलेल्या नळींत कुंभारीण माशीनें घर केलें असावें, असा तपासणाऱ्यांचा संशय होता. त्याच वर्षीं २ ऑक्टोबर रोजीं पेरूजवळ दुसरें विमान बुडालें व ७० जण मेले. विमान धुतांना छिद्रांवर लावलेली चिकटपट्टी काढावयाची राहून गेली होती, आणि उड्डाणापूर्वींच्या तपासणींतहि ती कोणाच्या ध्यानांत आली नाहीं. एका ठिकाणीं स्वच्छता झाली नाहीं म्हणून, दुसऱ्या ठिकाणीं ती अर्धवट झाली म्हणून अनर्थ ओढवला. लहान विमानाला तर अशी नळी बहुधा एकच असते. ती चुकली तर ताडून पाहण्यास दुसरी नाहीं.

म्हणून जाणते चालक चिकटपट्टी भडक रंगाची लावतात, किती लावल्या तें मोजतात आणि काढतांना पुन्हां मोजतात. तेलानें माखलेल्या पंखांपासून इथवर यंत्रें बदललीं, पण अखेरची भिस्त पुसणाऱ्या माणसाच्या डोळ्यांवर व बोटांवरच राहिली आहे. ज्या कामाचें नांव इतिहासांत येत नाहीं, त्या कामांतली चूक मात्र इतिहासांत नोंदली जाते.